शनिवार-रविवार मित्रांबरोबर गोल्फ : मुंबई-पुण्याच्या कोर्सवर जाण्याआधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही आठ जण दर हिवाळ्यात एक शनिवार-रविवार गोल्फसाठी राखून ठेवतो. चौघं मुंबई-नवी मुंबईचे, चौघं पुण्याचे. फोन करणं, वेळा ठरवणं, पैशांचा हिशेब, नवीन माणसाला सांभाळून घेणं ही कामं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत आणि मला ती मनापासून आवडतात. ओळखीपाळखीतले लोक याबद्दल जे प्रश्न विचारतात, ते उत्तरांसकट इथे एकत्र केले आहेत.

आधी काय ठरवायचं? कोर्स, तारीख की माणसं?

माणसं. आणि माणसांमध्येही आधी हे बघायचं की सगळ्यात नवखा कोण आहे. पुढचं सगळं त्याच्यावरून ठरवा. सात जण बरे खेळणारे आणि एक जण जेमतेम चार महिने ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) गेलेला, असं असेल तर कोर्स त्या एकाला झेपेल असाच हवा. मुरलेल्या खेळाडूला सोप्या कोर्सवरही मजा येते, कारण त्याला अजून चांगला स्कोअर करायचा असतो. नवख्याला मात्र अवघड कोर्सवर अठरा होलभर (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू भोकात पडेपर्यंतचा एक टप्पा, पूर्ण खेळ अशा अठरांचा) चेंडू शोधत फिरावं लागतं. तो पुन्हा कधी येत नाही आणि आपला एक मित्र या खेळाला मुकतो. हे मी होताना पाहिलं आहे, म्हणून हा नियम मी कधी मोडत नाही.

आठ ही संख्या उत्तम. चार-चारचे दोन गट होतात. सहा असतील तर तीन-तीनचे करा. नऊ जण झाले तर नवव्याला पुढच्या वेळचं आमंत्रण आजच देऊन ठेवा. पाच जणांना एका गटात बहुतेक ठिकाणी सोडत नाहीत, आणि सोडलं तरी खेळ रेंगाळतो.

मुंबई-पुणे पट्ट्यात कोर्स कोणते? बाहेरच्या माणसाला खेळता येतं का?

घोळ होतो तो इथेच, म्हणून सविस्तर सांगतो.

आपल्याकडचे बहुतेक जुने कोर्स क्लबचे आहेत. मुंबईत विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब (1918) आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (1927), पुण्यात येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स. इथे जायचं तर सभासदाचे पाहुणे म्हणून जायचं. सभासद स्वतः सोबत खेळायला हवा का, एका सभासदाला किती पाहुणे आणता येतात, शनिवार-रविवारी पाहुण्यांना कोणत्या वेळेनंतर सोडतात, हे प्रत्येक क्लबचं वेगळं असतं आणि अधूनमधून बदलतंही. सभासद मित्राच्या आठवणीवर विसंबू नका. त्यालाच क्लबच्या गोल्फ ऑफिसला फोन करायला लावा.

दुसरा प्रकार लष्कराच्या कोर्सचा. कुलाब्याचा यू. एस. (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब समुद्राला लागून आहे. पुण्यातही लष्कराचे कोर्स आहेत. गटात कुणी सेवेतला किंवा निवृत्त अधिकारी असेल तर त्याच्यामार्फत विचारा. ओळखपत्र सगळ्यांनी जवळ ठेवायचं आणि गेटवर हुज्जत घालायची नाही.

तिसरा प्रकार पैसे भरून कुणालाही खेळता येईल असा. सिडकोने उभारलेला खारघर व्हॅलीचा कोर्स या प्रकारात येतो. सेंट्रल पार्कच्या शेजारी, डोंगराच्या पायथ्याशी. ज्याच्या ओळखीत एकही क्लबवाला नाही त्याच्यासाठी हा कोर्स म्हणजे उघडं दार आहे. सार्वजनिक पैशातून असा कोर्स झाला याचं मला फार मोल वाटतं. पुण्याच्या बाजूला बावधन-लवळे भागातल्या टेकड्यांवर ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट आहे. चढउतार भरपूर, वारा भरपूर, आणि वरून दिसणारा देखावा असा की टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) उभं राहिल्यावर माणूस क्षणभर चेंडू विसरतो.

नाशिककरांनाही बेतात घ्यायचं असेल तर तिकडेही खेळायची सोय आहे. फक्त भेटीची जागा नीट सांगा. नाशिकमध्ये नुसतं ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की लोक हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जाऊन उभे राहतात. ते आता क्रिकेटचं मैदान आहे. जुनं नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकून राहिलंय.

दोन दिवसांत किती कोर्स करावेत?

दोन. शनिवारी एक, रविवारी एक. उत्साहाच्या भरात शनिवारी दुपारी तिसरा घुसवण्याचा मोह होतो. पण अठरा होल पायी म्हणजे इकडेतिकडे फिरणं धरून आठ-दहा किलोमीटरची चाल होते, चौघांच्या गटाला चार ते साडेचार तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी कंबर बोलायला लागते. फारच हौस असेल तर शनिवारी संध्याकाळी तासभर पटिंगचा, म्हणजे चेंडू घरंगळवत भोकात घालायचा, सराव करा.

तुमचा प्रत्यक्ष बेत कसा असतो?

पुण्याचे चौघं शुक्रवारी रात्री नवी मुंबईच्या मित्रांकडे मुक्कामाला येतात. हॉटेल घेत नाही. रात्री पिठलं-भात, लवकर झोप. शनिवारी उजाडताच खारघरला पहिला टी टाइम. अकराच्या सुमारास खेळ संपतो, आंघोळ, पनवेलला जेवण, आणि मग दोन गाड्यांनी पुणे. कळंबोली ते किवळे हा एक्सप्रेसवे 94.5 किलोमीटरचा आहे. शनिवारी सकाळी बोरघाटात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते ती दुपारपर्यंत बरीच ओसरलेली असते. सकाळी खारघरला खेळण्यामागे हाही हिशेब आहे. सगळे घाटात अडकलेले असताना आम्ही पटिंग करत असतो.

शनिवारी रात्री मुंबईचे चौघं पुण्यातल्या घरांमध्ये विभागून राहतात. रविवारी सकाळी टेकडीवरचा कोर्स. दोघांतला जरा अवघड कोर्स दुसऱ्या दिवशी ठेवायचा, कारण तोवर सगळ्यांचे हात बसलेले असतात आणि नवख्यालाही कालच्या खेळानंतर जरा धीर आलेला असतो.

आठ जणांसाठी टी टाइम कसा घ्यायचा?

टी टाइम म्हणजे पहिल्या होलवरून तुमचा गट सुटण्याची वेळ. दोन गटांमध्ये साधारण आठ-दहा मिनिटांचं अंतर असतं. तुम्हाला लागोपाठचे दोन टाइम हवेत. शनिवार-रविवारचे टाइम आधी भरतात, तेव्हा तारीख पक्की झाली की त्याच दिवशी फोन करा. फोनवर तीन गोष्टी न विसरता विचारा : त्या दिवशी स्पर्धा आहे का, कोर्सचे सगळे होल खुले आहेत का, आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) काही काम चाललंय का. ग्रीनला हवा मिळावी म्हणून अधूनमधून बारीक भोकं पाडून वर वाळू टाकतात. त्यानंतर काही दिवस पट सरळ जात नाही.

पहिला प्रश्न मी अनुभवातून शिकलोय. एका वर्षी सभासद मित्राने ‘या रे, मी आहे ना’ म्हटलं म्हणून आम्ही रविवारी सकाळी सहा वाजता एका क्लबवर हजर झालो. तिथे शॉटगन स्टार्ट होता. म्हणजे स्पर्धेतले सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुटणार होते आणि दुपारपर्यंत कोर्स बंद. मित्राचा चेहरा बघवत नव्हता. चूक त्याची एकट्याची नव्हती, मी फोन करून खातरजमा करायला हवी होती. तेव्हापासून आदल्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एक फोन करतोच.

हँडिकॅप नसेल तर चालतं का?

मित्रांच्या खेळात चालतं. काही क्लब पाहुण्याकडे हँडिकॅपचा दाखला मागतात, तेवढं आधी विचारून घ्या. हँडिकॅप म्हणजे तुमच्या ताकदीनुसार मिळणारे सवलतीचे फटके. 2020 पासून जगभर एकच पद्धत आली आहे आणि तीत जास्तीत जास्त 54 पर्यंत हँडिकॅप मिळू शकतो, पुरुष असो की बाई. ज्याच्याकडे नाही त्याला आम्ही आपसात एक आकडा ठरवून देतो, आणि देताना हात सैल सोडतो.

एक जण एकदम पट्टीचा, एक जण नवशिका. बरोबरीने कसं खेळायचं?

शनिवारी स्क्रॅम्बल, रविवारी स्टेबलफर्ड. माझं हे उत्तर आता ठरून गेलंय.

स्क्रॅम्बलमध्ये चौघंही टीवरून मारतात, त्यातला सगळ्यात चांगला पडलेला चेंडू निवडतात आणि पुढचा फटका चौघंही तिथूनच मारतात. होल संपेपर्यंत असंच. नवख्याचे दहा फटके वाया गेले तरी कुणाचं काही बिघडत नाही, आणि अकरावा लागला की अख्खा गट त्याच्या चेंडूपाशी चालत जातो. गेल्या खेपेला आमच्यातल्या सगळ्यात नवीन मैत्रिणीने शेवटच्या ग्रीनवर वीसेक फुटांचा पट टाकला. तिच्या आधी तिघंही चुकले होते. चेंडू कडेवर येऊन थबकला, आता राहतो की काय असं वाटलं, आणि मग आत गेला. सव्वाचार इंच व्यासाचं ते भोक, त्यात चेंडू पडल्याचा ‘टक्‌’ असा आवाज, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलेलं. तिने त्याच आठवड्यात स्वतःचा पटर (पटिंगची काठी) विकत घेतला.

स्टेबलफर्डमध्ये फटक्यांऐवजी गुण मोजतात. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरने ही पद्धत काढली. सवलतीचे फटके वजा करून पार (त्या होलसाठी ठरवलेली फटक्यांची संख्या) आला तर 2 गुण, एक जास्त लागला तर 1, एक कमी लागला तर 3. समजा तुमचा हँडिकॅप 24 आहे. मग अठराही होलवर एकेक फटका सवलत आणि सर्वांत अवघड सहा होलवर आणखी एक. अवघडपणात तिसऱ्या क्रमांकाच्या पार-4 होलवर तुम्हाला 6 फटके लागले, तर 6 वजा 2 म्हणजे 4, म्हणजे पार, म्हणजे 2 गुण. यात सगळ्यांत मोठा दिलासा असा की एखाद्या होलवर वाट लागली तर शून्य गुण घ्यायचे, चेंडू उचलायचा आणि पुढे जायचं. बारा-बारा फटके मोजत बसावं लागत नाही.

नवख्या मित्राने काय आणावं?

त्याने काही विकत घेऊ नये. नियमाने पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब (गोल्फच्या काठ्या) चालतात, पण नवख्याला पाच-सहा पुरतात : एक हायब्रिड, 7 आणि 9 नंबरचं आयर्न, सँड वेज, पटर. कुणाचे तरी उसने घ्या किंवा कोर्सवर भाड्याने मिळतात का ते विचारा. चेंडू मात्र भरपूर आणायचे, वापरलेले, स्वस्तातले, निदान पंधरा. आणि येण्याआधी रेंजवर तीन-चार वेळा तरी जाऊन यायचं. एकदम कोर्सवर आणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

कपड्यांचं काय?

कॉलरचा टी-शर्ट, साधी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची नीटनेटकी शॉर्ट्‌स. जीन्स नको. बूट मऊ खिळ्यांचे किंवा साधे स्पोर्ट्‌स शूज. टोपी हवीच.

लाल टी बायकांसाठी असते ना? आमच्या गटातल्या मैत्रिणींनी तिथूनच मारायचं का?

टीच्या रंगावरून ठरतं ते फक्त अंतर : लाल जवळची, पांढरी लांबची. कोणी कुठून मारायचं हे आपल्या फटक्याच्या लांबीवरून ठरवावं. मोठा हात असलेली बाई खुशाल पांढऱ्या टीवरून खेळेल आणि नवखा पुरुष लाल टीवरून खेळला तर त्यात कमीपणा काय? बंगळूरची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तेव्हा गोल्फ कधी न पाहिलेली माणसंही शनिवारी पहाटे टीव्हीसमोर बसली होती. त्याच ऑलिंपिकला पुण्याचा उदयन मानेही खेळला. आपल्या गटातल्या मुलींना कुणी ‘तुम्ही बग्गीत (कोर्सवरच्या छोट्या गाडीत) बसा’ म्हणू नये एवढं मी बघतो.

कॅडी (पिशवी उचलून सोबत चालणारा माणूस) घ्यावा की बग्गी?

कॅडी. अगदी गुडघे दुखत असतील किंवा टेकडीवरचा कोर्स असेल तर बग्गी घ्या, पण तरी गटात निदान दोन कॅडी असू द्या.

आपल्याकडच्या कॅडीला कोर्स पाठ असतो. कुठल्या झाडामागे चेंडू सापडेल, वारा कुठल्या होलवर फिरतो, कुठलं ग्रीन दिसतं सपाट पण पाण्याकडे ओढतं. 2019 पासून चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती. नवख्या माणसाची ती तीन मिनिटं कॅडीच वाचवतो. पुण्यात एका पहाटे माझा कॅडी ग्रीनवर उकिडवा बसला होता. दव पडलेलं, आधीच्या गटाच्या पटच्या ओल्या रेघा गवतावर स्पष्ट दिसत होत्या. त्याने ओल्या फडक्याने चेंडू पुसला, परत ठेवला, आणि बोट दाखवून म्हणाला, “साहेब, ही रेघ बघा, शेवटी डावीकडं वळलीय. दीड भोकाइतकं उजवीकडून मारा, आणि दव आहे, जरा जोर ठेवा.” दुसऱ्याच्या पटच्या रेघेवरून आपला पट वाचायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तो ते रोज करत होता.

कॅडीचं नाव विचारा. त्याच्याशी मराठीत बोला. मधल्या खोपटात चहा-ऑम्लेटसाठी थांबाल तेव्हा त्यालाही सांगा. पाऊस येऊन खेळ अर्ध्यावर थांबला तरी पूर्ण पैसे द्या, कारण त्याचा दिवस तुमच्यासाठी गेलेला असतो. आणि सुट्टे पैसे घरूनच आणा.

खर्च कसा वाटून घ्यायचा?

दर सारखे बदलतात आणि शनिवार-रविवारी जास्त असतात, म्हणून आकडे फोनवरच विचारा. विचारताना हे सगळे रकाने विचारा : ग्रीन फी (पाहुण्यांची वेगळी असते), कॅडी, बग्गी, भाड्याचे क्लब, रेंजचे चेंडू, आणि यांवर लागणारा कर. ग्रीन फी आधी गोळा करा, महिनाभर आधी. पैसे भरलेला माणूस शुक्रवारी संध्याकाळी ‘जमत नाहीये रे’ असा मेसेज टाकत नाही. पेट्रोल, टोल, जेवण एकाने करायचं आणि सोमवारी हिशेब ग्रुपवर टाकायचा.

एक नाजूक गोष्ट. गटात सगळ्यांची ऐपत सारखी नसते. बेत आखताना महागडा कोर्स सुचवण्याआधी ज्याला तो जड जाईल त्याच्याशी वेगळं बोला, चारचौघांत नको.

कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणून साडेसहाचा टाइम मागण्यात अर्थ नाही. मार्चनंतर खेळायचं तर उजाडताच सुरू करून दहाच्या आत संपवा. मे महिन्यात वळवाच्या विजा चमकायला लागतात. पहिला गडगडाट ऐकू आला की क्लब खाली ठेवून थेट पक्क्या इमारतीत जायचं, झाडाखाली उभं राहायचं नाही. यात कुणाचं ऐकू नका. पावसाळ्यात कोर्स दिसतो अप्रतिम, पण चेंडू चिखलात रुततो, बग्ग्या बंद ठेवतात आणि बेत आयत्या वेळी फिसकटतो.

आमचा गट फार रेंगाळतो. मागचे लोक ओरडतात. काय करावं?

लक्ष मागच्या गटाकडे नको, पुढच्या गटाकडे द्या. तुमच्यात आणि पुढच्यांत एक अख्खा होल मोकळा पडला की समजा तुम्ही मागे पडलात. मग मागच्यांना हात करून पुढे सोडा. ‘भोकापासून लांब असेल त्याने आधी मारायचं’ हा रिवाज मित्रांच्या खेळात सोडून द्या. जो तयार आहे त्याने मारावं. चेंडू हरवलाय अशी शंका असेल तर शोधायला जाण्याआधीच दुसरा चेंडू मारून ठेवा. ग्रीनवर भोकातला झेंडा न काढताही पट करता येतो, नियम आता तशी मुभा देतो. आणि होल संपला की स्कोअर तिथे उभं राहून लिहू नका, पुढच्या टीवर जाऊन लिहा.

ग्रीनवर पडलेला खळगा कसा बुजवायचा?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. विचारणाऱ्याबद्दल मला लगेच आदर वाटतो.

उंचावरून चेंडू पडला की ग्रीनवर बोटाच्या पेराएवढा खळगा होतो. बहुतेक जण दुरुस्तीचा काटा खाली खुपसून माती वर उचकटतात. त्याने मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी डाग राहतो. काटा खळग्याच्या कडेला, जरा बाहेर खुपसायचा आणि कडेचं गवत मध्याकडे ढकलायचं. चारही बाजूंनी. मग पटरच्या तळाने हलकेच थोपटायचं. दहा सेकंदांचं काम आहे. आपला एक बुजवून झाला की शेजारचा, दुसऱ्या कुणाचा तरी राहिलेला, तोही बुजवा. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) बाहेर येताना दाताळं फिरवून पावलं पुसा. क्लबचे पाहुणे म्हणून गेलात तर तुमच्या सभासद मित्राची पत यावरूनच ठरते.

घरच्यांना आणावं का?

खारघरला हो. सेंट्रल पार्क शेजारीच आहे, आणि 2023 पासून नवी मुंबई मेट्रोचं त्याच नावाचं स्टेशनही झालंय. मुलं तिथे रमतात. कोर्सवर मात्र न खेळणाऱ्यांना गटाबरोबर चालवत नेऊ नका. चेंडू लागण्याचा धोका खरा असतो. खेळ संपल्यावर पटिंग ग्रीनवर मुलांना दहा-दहा पट मारू द्या, परवानगी विचारून.

रविवारी मुंबईकरांनी किती वाजता निघावं?

दोनच्या आत. जेवण कोर्सजवळच उरकायचं, निरोपाला पार्किंगमध्ये उभं राहून तासभर गप्पा मारायच्या नाहीत. चारनंतर लोणावळ्यापासून खाली गाड्या तुंबायला लागतात. गाडीत मागच्या सीटवर बसलेल्याने पुढच्या वर्षीच्या तारखांची यादी काढायची आणि घाट उतरायच्या आत ग्रुपवर टाकायची. आमच्याकडे हे काम त्या वर्षीच्या सगळ्यात नवख्या माणसाला देतात.